एकशे त्रेपन्नची वही

बोईसर,
१० मे २०२६

चि. अपूस,
पप्पांचे अनेक आशीर्वाद.

इकडे मी आणि आई खुशाल. नाशिकला मामा-मामी बरे असतील. पत्र बघून तू कपाळाला आठ्या घालशील, की पप्पांच्या खिशात फोन असताना हे काय नवीन? तर त्याचं असं आहे, फोनवर तू मला "बरी आहे, जेवले, आईला द्या" एवढ्यावर मोकळं करतेस. पत्र असं मधेच आईकडे देता येत नाही.

बारावीचा निकाल कळला. गणितात सत्त्याण्णव! मी कंपनीत पेढे नेले. कमलाकांतकाकांनी एक खाल्ला, एक कागदात बांधून दातिवऱ्याला त्यांच्या म्हातारीसाठी नेला, आणि उरलेले तीन मार्क कुठे गेले म्हणून मलाच दम भरला. त्याच दिवशी तू आईला सांगितलंस की कॉलेजच्या फॉर्ममध्ये फार्मसी भरणार, गणित आता बास. बारा जून शेवटची तारीख, हेही आईनेच सांगितलं. मी ऐकून घेतलं आणि डबा धुवायला गेलो. तुझ्या फॉर्ममध्ये मी नाक खुपसणार नाही. तसा हक्क मला राहिला आहे असंही मला वाटत नाही.

आता दुसरी बातमी. घराला रंग काढला आहे. आईने हॉलसाठी फिकट पोपटी निवडला आहे; डब्यावर छान दिसतो, भिंतीवर भोपळ्याच्या भाजीसारखा दिसतो, पण तिला सांगायची सोय नाही. रंगारी आले म्हणून माळा रिकामा केला. तुझा मोडका पंखा, पाटी, आणि त्या सगळ्याच्या खाली तुझी नववीतली वही. वर स्केचपेनने लिहिलेलं: "१५३". सुरुवातीची तीन पानं सोडून प्रत्येक पानाच्या तळाशी आमच्या कंपनीत औषधांच्या बॅचशीटवर असतात तसे दोन खण आखलेले, "केले" आणि "तपासले". "केले"मध्ये तुझी सही, अपेक्षा रामकिसन, प्रत्येक पानावर, एक्क्याऐंशी वेळा. "तपासले" कोरं.

वही कुठल्या अवस्थेत आहे ते तुला माहीत आहे. त्याबद्दल आज लिहीत नाही.

मी पहिलं पान वाचलं. आयुष्यात पहिल्यांदा वाचलं. तू लिहिलं आहेस: "तीनने भाग जाणारी कोणतीही संख्या घ्या. तिच्या प्रत्येक अंकाचा घन करा आणि बेरीज करा. आलेल्या संख्येवर पुन्हा तेच करा. असे करत गेल्यास शेवटी १५३ येते. १५३ चे केले तर पुन्हा १५३ च येते, म्हणून तेथे थांबायचे." आणि खाली दोन रेघा मारून: "हे मी सर्व संख्यांसाठी दाखवणार आहे. नुसती उदाहरणे देणार नाही."

मी सहा घेतला. सहाचा घन २१६. मग आठ, एक आणि पुन्हा २१६ मिळून २२५. त्याचे १४१. तिथून एकदम घसरगुंडी, ६६. मग ४३२, मग ९९, आणि ९९ वरून थेट १४५८! म्हटलं, गेली ही हातातून. रंगारी शिडीवरून विचारतोय, "चाचा, पुट्टी सूख गई, आगे क्या करें?" आणि मी त्याला म्हणतोय, "रुक, रुक, चौदासौ अट्ठावन कहाँ जाता है देखने दे." १४५८ चे झाले ७०२, ७०२ चे ३५१, आणि ३५१ चे १५३. दहा उड्या मारून बरोबर जागेवर. रंगाऱ्याला वाटलं मला लॉटरी लागली.

मग मला नादच लागला. नऊ घेतला, बारा घेतला, आपल्या बोईसरचा पिनकोड घेतला (त्याला तीनने भाग जाईना, सोडून दिला), आईच्या फोन नंबरातले शेवटचे चार आकडे घेतले. सगळे तिथेच येतात. काही चार पावलांत येतात, काही सगळं गाव हिंडून येतात, पण येतात.

दुसऱ्या पानावर तू या संख्येची जी नवलाई लिहिली आहेस ती वाचून तर मी स्वतःवरच हसलो. एकपासून सतरापर्यंत बेरीज केली की १५३. अगं, स्टोअरच्या मागे आम्ही पाइपांची रास लावतो, खाली सतरा, त्यावर सोळा, वर एक पाइप येईपर्यंत. मोजायला कुणी बसत नाही, सतराला अठराने गुणून निम्मं करतो आणि स्टॉकला लिहितो. मी किती वेळा १५३ लिहिलं असेल! माझ्या बापजन्मात मला त्याच्याकडे निरखून बघावंसं वाटलं नाही. आणि ते दुसरं: एक, मग एक गुणिले दोन, मग एक गुणिले दोन गुणिले तीन, असं पाचपर्यंत. १, २, ६, २४, १२०. बेरीज पुन्हा १५३. एवढ्याशा संख्येत इतकं सामान कुणी भरलं असेल?

कॅन्टीनमध्ये कमलाकांतकाकांना समजावून सांगितलं. त्यांनी कागदावर स्वतः चार संख्या करून बघितल्या. मग म्हणाले, "किसनभाऊ, ही आमची डोल हाय. डोलीचं तोंड येवढं मोठं, कोलीम शिरू दे नायतर बोंबील शिरू दे, शेवटाला समदं खोल्यातच जमा होतंय." डोल म्हणजे त्यांचं मोठं जाळं, कोलीम म्हणजे अगदी बारीक कोळंबी, आणि खोला म्हणजे त्या जाळ्याची शेवटची निमुळती पिशवी. "आमी जन्मभर जाळी इणली, पण आकड्यांचं जाळं नाय इणलं कुणी. तुमची पोर लय भारी हाय."

पण मला सगळ्यात जास्त थक्क केलं ते तिसऱ्या पानाने. मला वाटत होतं, संख्या तर अगणित, ही पोरगी तपासणार किती? तू लिहिलं आहेस की चार अंकी सगळ्यात मोठी संख्या ९९९९ घेतली तरी घनांची बेरीज २९१६ च्या वर जात नाही. त्याहून मोठ्या संख्या तर दर फेरीला आपोआप खाली येतात. म्हणजे कितीही मोठी संख्या घ्या, कधी ना कधी ती २९१६ च्या आत येणारच. मग तेवढ्या तपासल्या की सगळ्या तपासल्या! तीनने भाग जाणाऱ्या अशा ९७२ भरतात. पुढे पानाला बारा ओळी, अशी पानं एक्क्याऐंशी. चौदा वर्षांची होतीस तू. बाहेर पोरं क्रिकेट खेळायची आणि तू जगातल्या सगळ्या संख्या दोनशेपानी वहीत बसवत होतीस. मी ते पान पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं. आई म्हणाली, "चहा गार झाला." मी म्हटलं, होऊ दे.

मी वही तपासायला घेतली आहे. पहिल्या पाळीवरून आलो की चार ते सहा. आजवर एकशे चाळीस ओळी झाल्या. तीनची ओळ, म्हणजे तुझी पहिलीच ओळ, तेवढी अजून मागे ठेवली आहे. तिच्याबद्दल लिहायला वेगळा कागद लागेल.

आई सांगते, उन्हात फिरू नकोस. ताडगोळे आले आहेत, पण नाशिकपर्यंत टिकणार नाहीत.

तुझे,
पप्पा


बोईसर,
३१ मे २०२६

चि. अपू,
आशीर्वाद.

तुझं उत्तर आलं नाही. आई म्हणते, पत्र मिळालं, तू वाचलंस आणि कपाटात ठेवलंस. फाडलं नाहीस हे ऐकून जीव भांड्यात पडला.

रंग संपला. आता हॉल भोपळ्याचा झाला आहे आणि आईलाही तसं वाटायला लागलं आहे, पण ते ती कबूल करणार नाही. कबूल न करणं आपल्या घराला चांगलं जमतं. मी त्या विषयावर यायला वीस दिवस लावले, आणि आताही रंगाचं लिहीत बसलो आहे.

तर ऐक. ९७२ ओळी तपासून झाल्या.

तीनची ओळ. तीनचा घन सत्तावीस. सत्तावीसचे आठ आणि ३४३, म्हणजे ३५१. त्याचे १५३. तीन उड्या, वहीतली सगळ्यात सोपी ओळ. तू अगदी अशीच लिहिली आहेस. ती बरोबर आहे, अपू. पहिल्या दिवसापासून बरोबर होती.

त्या डिसेंबरातली संध्याकाळ तुला आठवतच असेल, पण मला ती लिहून काढू दे. पुढच्या आठवड्यात शाळेचं प्रदर्शन होतं. कमलाकांतकाका चहाला बसले होते. तू वही आणलीस आणि म्हणालीस, "पप्पा, तुमच्या पद्धतीने तपासा आणि सही करा. सर म्हणाले, दुसऱ्या कुणीतरी तपासलेलं हवं." मी काकांसमोर काय फुशारलो! आमच्याकडे तपासणारा कसा तपासतो ते सांगितलं. करणाऱ्याचे आकडे हाताने झाकायचे, स्वतः गणित करायचं, मग हात काढायचा. घनांची चिठ्ठी मी दुपारीच कॅन्टीनमध्ये करून आणली होती, एकपासून नऊपर्यंत, तोंडी हिशेब करून, कारण कॅल्क्युलेटर वापरला तर मग वीस वर्षांचा तपासनीस कसला?

साताचा घन म्हणजे एकोणपन्नास साते. सात नवे त्रेसष्ट, तीन लिहिले, हातचे सहा. मी सात धरले. चिठ्ठीवर ३४३ च्या जागी ३५३ पडलं.

हात काढला तर माझं ३६१, तुझं ३५१. मी म्हणालो, "पहिल्याच ओळीत चूक." काका म्हणाले, "किसनभाऊ, पुढचं तरी बघा." आणि मी काय उत्तर दिलं? "पहिला नमुना फेल गेला की पुढचे बघत नाहीत. बॅच बाद." कंपनीत तसंच करतात. तिथे ते बरोबरही आहे, माणसांच्या पोटात जाणारी वस्तू असते. पण मी हॉलमध्ये बसलो होतो आणि समोर माझी मुलगी होती. लाल पेन घेतलं आणि तुझ्या एक्क्याऐंशी पानांवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघा मारल्या. वर म्हणालो, वीस वर्षांत माझ्या तपासण्यात चूक निघालेली नाही.

तू एक अक्षर बोलली नाहीस. वही उचललीस, स्टूल घेतलंस, माळ्यावर टाकलीस. मला वाटलं, पोरीला पटलं.

दुसरी ओळ वाचली असती तरी भागलं असतं. सहाच्या ओळीत ७०२ आहे, नवाच्या ओळीत ७२९ आहे. प्रत्येक ठिकाणी माझं उत्तर तुझ्यापेक्षा दहाने जास्त आलं असतं, आणि मग दगडालाही कळलं असतं की खोट चिठ्ठीत आहे. इतकंच काय, तुझं पहिलं पान वाचलं असतं तरी पुरे होतं. तिथे तू लिहिलं आहेस की एकआकडी कुठलीही संख्या आणि तिचा घन, दोघांना तीनने भागलं तर बाकी सारखीच उरते, म्हणून तीनच्या पाढ्यातली संख्या पाढ्याबाहेर पडत नाही. साताला भागलं तर बाकी एक. माझ्या ३५३ ला भागलं तर बाकी दोन. म्हणजे मला पकडायचं साधन तू आधीच वहीत ठेवलं होतंस. मी ते वाचायच्या आधीच काट मारली.

चिठ्ठी अजून पहिल्या पानात होती. माझंच अक्षर.

आता बाकी वहीबद्दल. ओळींच्या सहासष्टाव्या पानावर, २३५८ च्या ओळीत, तू ६७२ च्या जागी ६२७ लिहिलं आहेस. सगळ्या वहीत तुझी चूक म्हणावी तर ही एक. आणि गंमत बघ, अंक तेच असल्यामुळे पुढची बेरीज तीच आली, आणि ती ओळही १५३ लाच पोचली. मी हसत सुटलो. ही संख्या काय मनाची आहे! कुणी रस्त्यात अडखळलं तरी तिचं दार उघडंच. आमच्या नियमाने बॅच पुन्हा बाद व्हायला हवी होती. मी बाजूला पेन्सिलीने बारीक अक्षरात ६७२ लिहिलं आणि पुढच्या ओळीवर गेलो.

मी तुला खरं सांगतो, मला या कामात जो आनंद मिळाला तो पंचवीस वर्षांच्या नोकरीत मिळाला नाही. रोज चारला बसायचो तेव्हा वाटायचं, बारा ओळी करून उठू. मग सहा वाजायचे. तू जिथे "वरची ओळ ३ पाहा" लिहून थांबली आहेस, तिथे मी मुद्दाम शेवटपर्यंत गेलो, नुसतं १५३ येताना बघायला. तू हे सगळं एकटीने बघितलंस. मी शेजारच्या खोलीत बातम्या लावून बसलेलो असायचो.

कॅन्टीनमध्ये कमलाकांतकाकांना चिठ्ठी दाखवली, सगळ्यांसमोर. म्हटलं, कमलाकांत, चूक माझी होती. त्यांनी चिठ्ठी बघितली, परत दिली आणि म्हणाले, "मंग मना काय सांगता? पोरीला सांगा. आमी तवाच बोललो हुतो, पुढचं बघा."

म्हणून सांगतो. अपू, चूक माझी होती. मी तुझ्यावर अन्याय केला, आणि तो परक्या माणसासमोर केला. माफी मागायला मला लाज वाटत नाही, इतका उशीर केला याची वाटते.

फॉर्ममध्ये तुला हवं ते भर. फार्मसी चांगलीच आहे, इथे बोईसरात निम्म्या कंपन्या औषधांच्याच आहेत. पण मी त्या दिवशी चूक काढली म्हणून तू स्वतःच्या डोक्यावर विश्वास ठेवायचं सोडलं असशील, तर ते परत घे. मी हातचा चुकलो म्हणून तू गणित सोडू नकोस.

तुझा चुकलेला बाप,
रामकिसन


नाशिक,
७ जून २०२६

प्रिय पप्पा,
नमस्कार. आईलाही नमस्कार सांगा, आणि भोपळ्याचा रंग मला चालेल असंही सांगा.

दोन्ही पत्रं मिळाली. दुसरं चार तारखेला आलं. मी गच्चीवर जाऊन वाचलं, कारण मामी तोंडाकडे बघत बसते. तीनदा वाचलं. तुम्ही ९७२ ओळी करत बसलात हे वाचून मला आधी हसू आलं आणि मग हसू राहिलं नाही. मी त्या ओळी करताना मला सारखं वाटायचं की हे कुणाला तरी दाखवावं, बघा बघा ९९ कुठे उडी मारतोय. तुम्ही रंगाऱ्याला थांबवून ते बघितलंत. ते वाक्य मला फार आवडलं, पप्पा.

पण तुमच्या पत्रात एक गोष्ट चुकली आहे. तुम्हाला वाटतं की मला माझी ओळ चुकीची वाटली आणि माझा धीर गेला. तसं झालं नाही. मला माहीत होतं.

तुम्ही हात काढून "तीनशे एकसष्ट" म्हणालात तेव्हाच कळलं. फरक बरोबर दहाचा. दहाचा फरक म्हणजे हातच्याची चूक, हे तुम्हीच मला दुसरीत शिकवलं होतं. तुम्ही लाल पेनाचं टोपण काढत होता तेव्हा मी मनात सात नवे त्रेसष्ट करूनही टाकलं होतं. बोलणार होते. तेवढ्यात तुम्ही काकांना वीस वर्षांचं ते सांगितलंत, आणि मला वाटलं, आता बोलले तर पप्पांचं तोंड उतरेल. म्हणून गप्प बसले. तुमच्यासाठी गप्प बसले, त्या संध्याकाळपुरती.

तुम्ही काकांना चहा देत होता तेव्हा मी स्वयंपाकघरात आईच्या पिठाच्या डब्याच्या झाकणावर कागद ठेवून तुमचं ३६१ धरून पुढे गेले. मला बघायचंच होतं ते कुठे जातं. ३६१ चे २४४. २४४ चे १३६. १३६ चे पुन्हा २४४. मग पुन्हा १३६. आई पोळ्या लाटत होती आणि मी तीच दोन उत्तरं परत परत काढत होते, की कधीतरी बाहेर पडतील. पडत नाहीत. ती दोन जन्मभर एकमेकांकडे पाठवत बसतात आणि कुठेच पोचत नाहीत. तुम्ही करून बघा.

आता माझं. दुसऱ्या दिवशी तुम्हाला सांगता आलं असतं. तुम्ही एकटे होता, डबा भरत होता. "पप्पा, हातचे सहा." दोन शब्दांचं काम होतं. तुम्ही चिडला असता, कॅल्क्युलेटर काढला असता, आणि मग दिवसभर मला खूश करत फिरला असता, मला तुम्ही माहीत नाही का? मी सांगितलं नाही, कारण मला तोवर राग आला होता. तुमच्या चुकीचा नाही, तुम्ही पुढची ओळ वाचली नाहीत त्याचा. आणि मग, खोटं कशाला बोलू, तुम्ही चुकलेले आहात आणि तुम्हाला ते माहीत नाही, हे मला आवडायला लागलं. तुम्ही काही समजावायला लागलात की मी मनात म्हणायची, तीनशे त्रेपन्न. दहावीनंतर नाशिकला आले ते इथलं कॉलेज चांगलं म्हणून नाही. तुम्हाला शिक्षा म्हणून आले. शिक्षा तुम्हाला दिली आणि घरापासून लांब दोन वर्षं मी राहिले, आणि आई दोन्हीकडे फोन करून थकली. तिचा तर यात आकडासुद्धा चुकला नव्हता.

पहिल्या पत्रात तुम्ही तीनची ओळ मागे ठेवली असं लिहिलंत, तेव्हाच मला कळलं की तुम्हाला कळलं आहे. त्या दिवशीच उत्तर लिहायला हवं होतं. मी मुद्दाम थांबले, तुमच्या तोंडून ऐकायला. तेही चुकलंच माझं.

फार्मसी कधीच मनात नव्हती. आईला सांगितलं, कारण आईला सांगितलेलं तुमच्यापर्यंत जातं. मला वाटलं, तुम्ही फोन करून ओरडाल, गणित का सोडतेस? तुम्ही ओरडला नाहीत. फॉर्म मी दोन तारखेलाच भरला, तुमचं दुसरं पत्र यायच्या आधी, त्यामुळे काकांसमोर श्रेय घेऊ नका.

विषय गणित. कॉलेज पालघर. येत्या रविवारी सामान घेऊन येते. मग तीन वर्षं रोज घरून जाणार आहे.

मला माफ करा, पप्पा. तुम्ही एका हातच्याला चुकलात. मला बरोबर उत्तर माहीत होतं आणि मी ते साडेतीन वर्षं दिलं नाही.

तुमची,
अपू